प्रौढांच्या स्वमग्नता-प्रश्नावलीची विश्वसनीयता मोजताना : यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांमधला अनुभव

मार्च २०२५ मध्ये माझा मानसशास्त्रातला पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठात दाखल झाला. त्यातले एकच प्रकरण असे होते की ज्याने जवळजवळ सगळी वर्षे खाल्ली. प्रौढ व्यक्तींनी स्वतः भरायच्या स्वमग्नता-चाळणी (ऑटिझम-स्क्रीनिंग) प्रश्नावलीची मराठी आवृत्ती आमच्या भागातल्या खेड्यांमध्ये किती विश्वसनीय ठरते, हे त्यात मोजायचे होते. कोणाची परवानगी घ्यावी, पैसे किती लागतात, लोक कोणत्या महिन्यात भेटतात आणि आलेले आकडे कसे वाचावेत, हे सांगणारे कोणी तेव्हा मला जवळपास मिळाले नाही. विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी बसून असेच काम करू पाहणाऱ्याला थोडी वाट दिसावी, म्हणून हे क्रमाने लिहीत आहे.

मी तालुक्याच्या महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. कोरोनाच्या काळात मुले मोबाइलवर नाना प्रकारच्या मानसशास्त्रीय चाचण्या सोडवू लागली आणि त्यातलीच एक स्वमग्नतेची होती. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने मला सांगितले की, त्याला पहिल्यांदा ५० पैकी ३४ गुण मिळाले होते आणि काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा भरली तेव्हा २६ मिळाले. निकष ३२ चा होता, म्हणजे तेवढे किंवा त्याहून जास्त गुण आले तर स्वमग्नतेची शक्यता धरली जाते. "मॅडम, मंग यातला खरा कोणता समजावा मी?" हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचे उत्तर देण्यासाठी मला जे वाचावे लागले, त्यातूनच विषय ठरला.

ऑगस्ट २०२१ मध्ये संशोधन मान्यता समितीसमोर सादरीकरण झाले. स्वमग्नता हा लहान मुलांचा विषय आहे, प्रौढांमध्ये तो कशाला शोधायचा, अशी शंका तिथे निघाली. लहानपणी निदान झाले नाही म्हणजे स्वमग्नता नव्हती असे नाही, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये स्वमग्नता आहे, तिला वयाची अट नाही, एवढे मी मांडले. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी शीर्षकातून 'निदान' हा शब्द काढून 'चाळणी' हा शब्द घालायला सांगितले. मान्यतेचे पत्र दिवाळीनंतर हातात आले. शीर्षकात आपण जे मोजणार आहोत तेवढेच लिहावे, हा सल्ला मी आता माझ्या विद्यार्थ्यांनाही देते, कारण पुढे प्रत्येक समिती शीर्षकापासूनच प्रश्न विचारते.

साधन निवडताना तीन पर्याय समोर होते. पहिला म्हणजे केंब्रिजमध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला ऑटिझम स्पेक्ट्रम कोशंट, म्हणजे एक्यू. त्यात ५० विधाने आहेत आणि सामाजिक कौशल्य, लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे वळवणे, तपशिलांकडे लक्ष, संवाद आणि कल्पनाशक्ती अशा पाच गटांत ती दहा-दहाने विभागली आहेत. दुसरा पर्याय म्हणजे त्यातूनच प्रत्येक गटातली दोन विधाने घेऊन २०१२ मध्ये केलेली एक्यू-१०. ब्रिटनमधल्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमुळे ती फार वापरली जाते. तिसरा पर्याय म्हणजे २०११ मधली राड्स-आर ही प्रौढांसाठीचीच प्रश्नावली, जिच्यात ८० विधाने आहेत आणि निकष ६५ गुणांचा आहे. आपल्याकडे अपंगत्व प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी भारतीय आयएसएए मापनपट्टी या रांगेत बसत नव्हती, कारण तिच्यातल्या ४० बाबींवर तपासणारी व्यक्ती निरीक्षणावरून आणि पालकांशी बोलून गुण देते, माणूस स्वतः काही भरत नाही.

मी पूर्ण एक्यू निवडली. ती ना-नफा संशोधनासाठी विनामूल्य वापरता येते, आणि पाचही गट वेगवेगळे तपासता येतात, ही दोन कारणे होती. दहा विधानांची प्रश्नावली शेतातून आलेल्या माणसासाठी नक्कीच सोयीची आहे. मात्र विधाने कमी असली की अंतर्गत सुसंगती, म्हणजे विधानांची उत्तरे एकमेकांशी किती मेळ खातात ते, मोजणारा क्रॉनबॅकचा अल्फा आपोआप खाली येतो, आणि सर्वसामान्य लोकांमध्ये एक्यू-१० ची सुसंगती कमी पडते, असे २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलेही आहे.

विश्वसनीयता म्हणजे काय, हे गावात समजावताना मी कापसाच्या काट्याचे उदाहरण देत असे. तोच गठ्ठा सकाळी आणि दुपारी ठेवला आणि काटा दोन वेगळी वजने दाखवू लागला, तर त्या काट्यावर भाव ठरवता येत नाही. लोकांना ते लगेच पटायचे. परंतु प्रबंधासाठी यापुढे जावे लागते, आणि मूळ लेख बारकाईने वाचला तेव्हा मला पहिला धक्का बसला. एक्यूच्या पुनर्चाचणी-विश्वसनीयतेचा (तीच माणसे पुन्हा भरतात तेव्हा गुण किती जुळतात याचा) जो ०.७ हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो, तो १७ जणांनी किमान दोन आठवड्यांनी पुन्हा भरलेल्या प्रश्नावल्यांवरून काढलेला आहे. १७ जणांवरून ०.७ चा सहसंबंध आला, तर त्याची ९५ टक्के विश्वास-मर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्यात असण्याची शक्यता आहे तो पट्टा, अंदाजे ०.३३ पासून ०.८८ पर्यंत पसरते. म्हणजे तो आकडा फारच चांगला असू शकतो किंवा कामाचाही नसू शकतो. त्या लेखात पाच गटांचे अल्फाही ०.६३ ते ०.७७ एवढेच आहेत.

याचा व्यवहारात अर्थ काय, ते मी त्या विद्यार्थ्यासाठी कागदावर मांडले होते. मूळ अभ्यासात सर्वसामान्य गटाची सरासरी १६.४ आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुणांचा सरासरीभोवतीचा पसारा, ६.३ होते. विश्वसनीयता ०.७ धरली, तर १ मधून ०.७ वजा करून त्याचे वर्गमूळ घ्यायचे आणि ६.३ ने गुणायचे. मापनाची प्रमाण त्रुटी सुमारे साडेतीन गुण येते. म्हणजे एखाद्याला २९ मिळाले, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की त्याचे खरे स्थान २२ ते ३६ च्या दरम्यान कुठेतरी आहे, आणि ३२ चा निकष बरोबर त्या पट्ट्यात पडतो. एकाच माणसाच्या दोन वेळच्या गुणांमध्ये नऊ-साडेनऊ गुणांचा फरकही निव्वळ मापनातल्या चढउतारामुळे पडू शकतो. ३४ आणि २६ यांतला फरक आठचा होता. ते दोन्ही आकडे त्याचेच होते आणि दोन्हींपैकी एकही त्याच्याविषयी निकाल देत नव्हता.

डिसेंबर २०२१ मध्ये नैतिकता समितीकडे अर्ज केला. आमच्या महाविद्यालयात अशी समिती नाही, त्यामुळे एका बाहेरच्या संस्थेच्या समितीकडे जावे लागले, आणि त्यासाठी आधी आमच्या प्राचार्यांचे विनंतीपत्र, मग त्या संस्थेचे संमतीपत्र, असा प्रवास झाला. अर्जासोबत संशोधन आराखडा, इंग्रजी प्रश्नावली आणि तिचा मराठी मसुदा, सहभागींसाठी माहितीपत्रक, संमतीपत्र, माझा आणि मार्गदर्शकांचा परिचय आणि खर्चाचा तपशील द्यावा लागतो, तोही अनेक प्रतींमध्ये. विद्यार्थी म्हणून शुल्क तीन हजार रुपये होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बैठकीला किमान पाच सदस्य हजर असावे लागतात. ती गणसंख्या न भरल्याने बैठक पुढे गेली, नंतर आणखी एकदा गेली, आणि माझा अर्ज एप्रिल २०२२ मध्ये चर्चेला आला. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी या टप्प्यासाठी सहा महिने मोकळे धरावेत आणि या काळात भाषांतराची तयारी करत राहावी.

त्या बैठकीतले दोन प्रश्न मला फार मोलाचे वाटले. समितीत कायद्याच्या जाणकाराबरोबर एक सामान्य नागरिकही असतो. आमच्या समितीत ते निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. माझे माहितीपत्रक हातात धरून ते म्हणाले, "बाई, यातलं पहिलं वाक्य संपता संपत नाही. माझ्या गावचा माणूस हे वाचणार नाही, सही मात्र करून देईल." मी ते पत्रक पूर्ण नव्याने लिहिले. दुसरा प्रश्न मानसोपचारतज्ज्ञ सदस्यांचा होता: ज्याचे गुण निकषापेक्षा जास्त येतील, त्याला तुम्ही काय सांगणार? यावर ठरले ते असे. गुण कोणालाही कागदावर लिहून द्यायचे नाहीत. ज्याला जाणून घ्यायचे आहे त्याला समोर बसून समजावायचे, हे निदान नाही हे स्पष्ट सांगायचे, आणि त्रास होत असल्यास जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागाचा पत्ता द्यायचा. टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोन-सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाल्यावर तिचा १४४१६ हा क्रमांक आम्ही सुधारित पत्रकात घातला, आणि त्या एका ओळीच्या बदलासाठीही समितीला पत्र द्यावे लागले. बदल कितीही लहान असो, लेखी कळवावा.

मंजुरी मे अखेरीस मिळाली. भाषांतराचे काम तोवर निम्मे झाले होते. दोघांनी स्वतंत्रपणे मराठी रूप केले. त्यांपैकी एक पुण्यात शिकलेले होते आणि दुसऱ्या आमच्याच भागातल्या शिक्षिका होत्या. मग मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीने ते परत इंग्रजीत नेले, आणि शेवटी पाच जणांच्या गटाने बसून एकेक विधान तपासले. या सर्वांना मिळून मानधनाचे आठ हजार रुपये गेले. ते मी माझ्या पगारातून दिले, कारण मला शिष्यवृत्ती नव्हती.

यानंतरचा टप्पा अनेक जण वगळतात, आणि माझ्या मते तोच वगळू नये. दहा-बारा गावकऱ्यांसमोर प्रत्येक विधान वाचायचे आणि त्यांना विचारायचे की, तुम्हाला यात काय विचारले आहे असे वाटते? प्रश्नावलीत नाटकाला जाणे आणि संग्रहालयात जाणे यांपैकी काय आवडेल असे एक विधान आहे. आमच्या गावांतल्या बहुतेकांनी संग्रहालय म्हणून एकच वास्तू पाहिली होती, ती नागपूरचा अजबबंगला, तीही शाळेच्या सहलीत. त्यामुळे उत्तर सहलीच्या आठवणीवर ठरत होते. दुसऱ्या एका विधानात वाचनालय आणि पार्टी अशी निवड आहे. तिथे पार्टीच्या जागी लोक लग्न किंवा नामकरण धरत, आणि तिथे जाणे हा आवडीचा भाग नसतो. एका काकाजींनी ते फार नेमके सांगितले: "ताई, मले गर्दी नाही आवडत, पण लग्नात गेलो नाही तं लोक नावं ठेवतेत. मंग आवडते लिहू का नाही आवडत लिहू?" गाड्यांचे क्रमांक लक्षात येतात का, हे विधान मात्र जसेच्या तसे चालले. एमएच २९ नसलेली गाडी गावात शिरली की ती कोणाकडे आली हे पाहणारे लोक प्रत्येक पारावर असतात, आणि क्रमांकांकडे मुळीच न पाहणारेही असतात. फोन नंबर लक्षात राहतात का, या विधानाचे वय मात्र झाले आहे. २००१ मध्ये त्यातून माणसामाणसांतला फरक दिसत असेल. आता जवळजवळ सगळेच जण 'राहत नाहीत' म्हणतात, आणि ज्या विधानाला सगळे एकच उत्तर देतात ते विश्वसनीयतेत काहीच भर घालत नाही.

सर्वांत मोठी अडचण नकारार्थी विधानांची निघाली. 'मला अमुक चांगले जमत नाही' या विधानाशी 'असहमत' होणे म्हणजे जमते असे म्हणणे, ही उलटापालट करताना पदवीधर माणूसही अडखळत होता. कित्येक जण तोंडाने "जमते" म्हणत आणि हात 'सहमत'कडे नेत. विधाने बदलली तर मूळ साधनाशी तुलना संपते, म्हणून आम्ही ती बदलली नाहीत. सुरुवातीला सरावासाठी दोन साधी विधाने जोडली, ज्यांतले एक नकारार्थी होते, आणि ती समजल्याशिवाय पुढे जायचे नाही असे ठरवले. या सरावाला पाच मिनिटे लागतात आणि ती सार्थकी लागतात.

प्रत्यक्ष गावांतले काम आधी नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरवले होते. सोयाबीन निघून गेले होते, पण कापसाची वेचणी ऐन भरात होती. दिवसा गावात म्हातारी माणसे आणि लहान मुले सोडून कोणी नसे, आणि संध्याकाळी परतलेल्या माणसाला ५० विधाने वाचायला सांगणे मला योग्य वाटेना. काम फेब्रुवारी २०२३ पर्यंत पुढे ढकलले. पुनर्चाचणीसाठी दोन भेटींमधला कालावधीही फार विचारपूर्वक निवडावा लागतो. दोन भेटींत अंतर फार कमी असेल, तर लोक आधीची उत्तरे आठवून लिहितात. फार जास्त असेल, तर मधल्या काळात माणसाचे आयुष्यच बदललेले असते. मी दोन ते तीन आठवड्यांचे अंतर ठेवले, आणि दोन्ही भेटी आठवडी बाजाराचा दिवस टाळून, शक्यतो सकाळी ठेवल्या. एप्रिल लागल्यावर लग्नसराई आणि ऊन या दोहोंमुळे काम जवळजवळ थांबते. जूनमध्ये पेरणीची धावपळ सुरू होते. म्हणजे आमच्याकडे अशा अभ्यासासाठी वर्षातले खरे हाताशी असलेले महिने फेब्रुवारी आणि मार्च हेच आहेत, आणि म्हणूनच उरलेले काम मला पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत न्यावे लागले.

कॉसमिन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मापन-निकषांत विश्वसनीयतेच्या अभ्यासासाठी किमान ५० सहभागी चांगले आणि १०० किंवा अधिक उत्तम मानले आहेत. पहिल्या भेटीत आलेले सगळे दुसऱ्यांदा येत नाहीत, हे धरून मी दीडपट माणसांशी बोलले. ग्रामपंचायतीचे पत्र, सरपंचांची भेट, आशाताईंची ओळख हे सारे लागलेच. मात्र गावातले ओळखीचे माणूस खोलीत बसू नये, ही अट मी पाळली. प्रश्नावलीवर नाव न लिहिता फक्त क्रमांक घालायचा आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळी कुलपात ठेवायची, हे समितीने लिहूनच दिले होते. सही न करणाऱ्यांचा अंगठा निष्पक्ष साक्षीदारासमोर घ्यावा लागतो. तो साक्षीदार त्यांच्याच घरातला नसावा.

भेटींमध्ये जे दिसले ते कोणत्याही सूत्रात आधी लिहिलेले नव्हते. एका घरी सूनबाई उत्तरे लिहीत असताना सासूबाई शेजारी बसून होत्या. 'लोकांशी गप्पा मारायला मला आवडते' यावर सूनबाईंनी पूर्ण सहमती नोंदवली. दुसऱ्या भेटीत त्या अंगणवाडीच्या खोलीत एकट्या होत्या, आणि तेच विधान वाचून बराच वेळ थांबल्या, मग पूर्ण असहमतीवर खूण केली. "मागच्या वेळी आत्याबाई बसून होत्या नं मॅडम," एवढेच म्हणाल्या. काहींनी पहिल्या वेळी स्वतः वाचून लिहिले आणि दुसऱ्या वेळी चष्मा घरी राहिल्याने मला वाचून दाखवावे लागले. अशा जोड्यांमध्ये गुणांची तफावत डोळ्यांना दिसेल एवढी होती. म्हणून दोन्ही भेटींची जागा, वेळ, सोबत आणि पद्धत यांची नोंद प्रत्येक प्रश्नावलीच्या मागे करायची, हा नियम केला, आणि स्वतः भरणारे व वाचून घेणारे यांचे विश्लेषण वेगळे ठेवले. स्वतः भरायची प्रश्नावली दुसऱ्याने वाचून दाखवली की ती वेगळे साधन होते, असे माझे आता ठाम मत आहे.

प्रौढ वयात रीतसर निदान झालेल्या व्यक्ती आमच्या भागात भेटणे कठीण होते. नागपूरच्या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांच्याकडे येणाऱ्यांना माझे पत्रक दिले आणि त्यांतून मोजके जण स्वतःहून पुढे आले. त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी प्रश्नावली भरण्याआधी मलाच प्रश्न केला: "'अनेकदा' म्हणजे आठवड्यातून किती वेळा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घरी की ऑफिसात, तेही नाही. मी अंदाजाने लिहिलं तर पुढच्या वेळी अंदाज बदलेल." त्यांनी माझ्या मसुद्यातल्या संदिग्ध जागांची यादीच करून दिली. ज्या लोकांसाठी ही प्रश्नावली आहे, त्यांच्यातल्या अनेकांना शब्दशः आणि नेमके प्रश्न हवे असतात, आणि प्रश्नावलीची भाषा नेमकी तिथेच मोकळी सोडलेली असते. भाषांतराच्या गटात पहिल्या दिवसापासून स्वमग्न प्रौढ व्यक्ती असावी, हे मी पुढच्या प्रत्येक संशोधकाला आग्रहाने सांगेन.

ही माणसे थोडी असल्यामुळे त्यांचे आकडे सर्वसामान्य गटात मिसळावेत का, असा प्रश्न आला. मिसळले असते तर विश्वसनीयता एकदम चांगली दिसली असती. मूळ अभ्यासात निदान झालेल्यांची सरासरी ३५.८ होती, १६ च्या आसपासचे आणि ३५ च्या आसपासचे असे दोन गट एकत्र केले की माणसामाणसांतला फरक प्रचंड होतो, आणि विश्वसनीयतेचे गुणोत्तर त्या फरकावरच उभे असते. मोजण्यातली चूक तेवढीच राहते, पण आकडा फुगतो. राड्स-आरच्या मूळ लेखातली ०.९८७ ही पुनर्चाचणी-विश्वसनीयता वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. म्हणून मी गट वेगळे ठेवले, आणि प्रबंधात प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या लोकांवरून काढला ते लिहिले. विश्वसनीयता कागदाच्या अंगी चिकटलेली नसते. ती त्या कागदाची, त्या लोकांची आणि त्या परिस्थितीची मिळून असते, हे वाक्य मी पुस्तकात अनेकदा वाचले होते, पण सूनबाईंची ती दोन उत्तरे शेजारी ठेवल्यावर मला ते खरे कळले.

विश्लेषण २०२४ च्या उन्हाळ्यात केले. सगळी माहिती दोनदा, दोन वेगवेगळ्या दिवशी संगणकात भरून ताडून पाहिली. आर ही मोफत संगणक-प्रणाली वापरली. महागडे पॅकेज विकत घेण्याची गरज पडली नाही. साध्या सहसंबंधावर थांबू नये, हे इथे आवर्जून सांगते. दुसऱ्या वेळी सगळ्यांचेच गुण तीन-तीनने वाढले, तरी पिअर्सनचा सहसंबंध १ च येईल, कारण माणसामाणसांतले अंतर बदललेले नाही. म्हणून प्रत्यक्ष जुळणी मोजणारा आंतरवर्ग सहसंबंध काढावा, आणि ब्लँड व ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये सुचवलेला आलेख काढून दोन भेटींतला फरक कुठे वाढतो ते पाहावे. ०.५ च्या खाली कमी, ०.७५ पर्यंत मध्यम, ०.९ पर्यंत चांगले, अशी या सहसंबंधाची वाचनाची पद्धत आहे. माझ्याकडे एकूण गुणांची विश्वसनीयता मध्यम पट्ट्यात आली. एकट्याने, शांत जागी, दोन्ही वेळा स्वतः वाचून भरणाऱ्यांमध्ये ती चांगली होती. कल्पनाशक्तीचा गट सर्वांत डळमळीत निघाला, आणि एकूण गुणांवर बोलता आले तरी गटवार गुण कोणा एकाला सांगण्यासारखे नाहीत, असे मी लिहिले. कोऱ्या सोडलेल्या विधानांना शून्य धरू नये, कारण त्याने गुण गुपचूप खाली येतात. किती कोरी चालतील हे आधीच ठरवून आराखड्यात लिहावे.

विश्वसनीयता मिळाली म्हणजे वैधता (जे मोजायचे तेच मोजले जाणे) मिळाली असे होत नाही, हा मुद्दा मौखिक परीक्षेच्या तयारीत मी सर्वांत जास्त घोटला. २०१६ मधल्या इंग्लंडच्या एका अभ्यासात विशेष निदान केंद्राकडे पाठवलेल्या ४७६ प्रौढांची माहिती आहे. त्यात एक्यू-१० वर निकषाखाली राहिलेल्यांपैकी ६४ टक्के जणांना प्रत्यक्ष तपासणीत स्वमग्नता निघाली. म्हणजे कमी गुण आले म्हणून कोणाला परत पाठवणे हे जास्त गुण आले म्हणून घाबरवण्याइतकेच चुकीचे आहे.

शेवटचे काही महिने कागदपत्रांत गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधाचे इतरांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालते. परिशिष्टातली प्रश्नावली वगळून तपासणी करावी असे आधीच लेखी मागावे, नाहीतर तीच साम्यात धरली जाते. मराठी मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्ये टंकलिखित करावा. जुन्या फाँटमधला मजकूर तपासणीत वाचलाच जात नाही. छपाई, झेरॉक्स, एसटीचे भाडे, चहा-नाश्ता, मानधन आणि शुल्क मिळून माझा खर्च साठ हजारांच्या आत राहिला, आणि त्यातला सर्वांत मोठा भाग प्रवासाचा होता.

अभ्यासात भाग घेतलेल्यांपैकी काहींनी गुण समजून घेतल्यावर पुढे तपासणी करून घ्यायची इच्छा दाखवली. त्यांना मी जे सांगितले ते इथेही लिहिते. प्रौढ वयातल्या निदानासाठी लहानपणीची लक्षणे विचारली जातात, म्हणून आई, वडील, मोठी बहीण किंवा लहानपणापासून ओळखणारे कोणी सोबत न्यावे. शाळेची प्रगतिपुस्तके घरात असतील तर ती घ्यावीत, विशेषतः शिक्षकांनी शेरे लिहिलेली. प्रश्नावलीचे गुण सांगण्याऐवजी रोजच्या कोणत्या प्रसंगात अडते ते चार-पाच उदाहरणांसह लिहून न्यावे, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर ते आठवत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाचे वार आधी फोन करून विचारावेत आणि सकाळी लवकरची एसटी पकडावी. प्रमाणपत्राची गरज असेल तर यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून त्याची पावती छापून ठेवावी, आणि आधार कार्डावरचे नाव व शाळेच्या दाखल्यावरचे नाव एकच आहे का ते निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.